टेबलावर नसलेली टोपी

शाळेच्या जिममध्ये एक लांब टेबल मांडलेलं असतं. त्यावर चादर, चादरीवर ओळीने टोप्या, प्रत्येक टोपीवर एकेका कॉलेजचं चिन्ह. टेबलामागे सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, उंची साडेसहा फुटांच्या आसपास, त्यामुळे गुडघे टेबलाखाली मावत नाहीत. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला शाळेचा कोच, मागे मोबाइल वर धरून उभे असलेले वर्गमित्र. मुलगा आधी देवाचे आभार मानतो, मग आईचे, मग आजीचे. हे सगळं इतकं सावकाश चालतं की चार-पाच राज्यांत टीव्हीसमोर बसलेल्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. मग हात पुढे जातो; जी टोपी उचलेल त्या कॉलेजकडून तो बास्केटबॉल खेळणार. काही वात्रट पोरं एका टोपीवर हात नेतात आणि दुसरीच उचलतात. घराचे हप्ते फेडणारी, ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणारी, एरवी शहाणी म्हणून ओळखली जाणारी माणसं तेवढा वेळ देव पाण्यात घालून बसलेली असतात. मीही त्यांच्यातलाच.

20 जानेवारी 2018 ला साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्ग गावच्या एका खासगी शाळेतून ईएसपीएनवर हा सोहळा थेट दिसला. मुलगा होता झायन विल्यमसन. त्याची डंक मारतानाची, म्हणजे उडी घेऊन चेंडू वरून रिंगमध्ये कोंबतानाची, चित्रफीत तोवर बास्केटबॉल न बघणाऱ्यांच्याही फोनवर पोचली होती. शर्यतीत सहा कॉलेजं उरली होती: क्लेमसन, ड्यूक, कॅन्सस, केंटकी, नॉर्थ कॅरोलायना आणि साउथ कॅरोलायना. क्लेमसन घराजवळचं, सावत्र वडील तिथूनच खेळलेले, म्हणून बऱ्याच जाणकारांनी तिकडेच बोट दाखवलं होतं. त्याने ड्यूकची टोपी डोक्यावर चढवली. आर. जे. बॅरेट आणि कॅम रेडिश आधीच ड्यूकला ‘हो’ म्हणून बसले होते, म्हणजे त्या वर्षीच्या देशातल्या पहिल्या तीन नावांपैकी तिन्ही एकाच कॉलेजात. डरममध्ये, म्हणजे ड्यूकच्या गावात, दिवाळी; दहा मैलांवरच्या चॅपल हिलमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाच्या गावात, सुतक. आणि पंचवीसेक मैलांवर, रालीत, आम्ही. आमची टोपी टेबलावर नव्हतीच. बहुतेक वेळा नसते.

‘आम्ही’ म्हणजे नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीचे लोक, थोडक्यात ‘स्टेट’. मी इथे एम.एस. करायला आलो आणि आपल्याकडच्या असंख्य इंजिनिअरांप्रमाणे इथेच नोकरीला चिकटलो. राली, डरम आणि चॅपल हिल या तीन शहरांना मिळून ट्रँगल म्हणतात. मधोमध रिसर्च ट्रँगल पार्क, त्याच्या कडेने केरी आणि मॉरिसव्हिल, जिथे शनिवारी किराणा आणायला गेलं की पाच मिनिटांत मराठी कानावर पडतंच. या मराठी मंडळींतले बरेचसे बास्केटबॉलच्या बाबतीत वाऱ्याची दिशा पाहून पाठ फिरवतात. मुलाला ड्यूकला घालायचं स्वप्न असेल तर निळे, चॅपल हिलला घातलं असेल तर फिके निळे. आमच्यासारखे लाल रंगवाले तेवढे स्वतःच तिथे शिकलेले असतात. तिन्ही कॉलेजं एसीसी नावाच्या एकाच गटात खेळतात. ड्यूककडे पाच राष्ट्रीय विजेतेपदं, चॅपल हिलकडे सहा, आमच्याकडे दोन: 1974 आणि 1983. दुसऱ्या विजेतेपदाला चाळीस वर्षं उलटून गेली, तरी कोच जिम व्हॅल्व्हानो शिटी वाजल्यावर मिठी मारायला माणूस शोधत मैदानभर सैरावैरा धावतोय ती फीत आम्ही दर मार्चमध्ये लावतो. गरिबाच्या घरी एकच पैठणी असते, ती सणासुदीला बाहेर निघणारच.

कॉलेजचा खेळ बघणं एक आणि कॉलेजात कोण येणार हे बघणं दुसरं. या दुसऱ्याला इथे नुसतं ‘रिक्रूटिंग’ म्हणतात आणि त्याला ऋतू नाही. सामने नोव्हेंबर ते एप्रिलची सुरुवात. रिक्रूटिंग बारा महिने, आणि खरा भर तर सामने बंद असतात तेव्हा. जुलैमध्ये साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टा इथे ‘पीच जॅम’ नावाची शालेय वयाच्या मुलांच्या क्लबांची स्पर्धा भरते, नायकीच्या पैशावर. तिथे मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडतात आणि त्यांवर देशातले सगळ्यात महागडे कोच आपापल्या कॉलेजचा टीशर्ट घालून, हाताची घडी घालून बसतात. त्या काळात मुलांशी समोरासमोर बोलायची त्यांना परवानगी नसते. नुसतं बसायचं आणि दिसायचं. मुलाने वर बघितलं की त्याला कळलं पाहिजे, हा माणूस माझ्यासाठी इतक्या लांब येऊन या कोंदट हॉलमध्ये बसलाय. मग कोणाचा कोच कोणत्या कोर्टाशेजारी किती वेळ बसला, मधेच उठून गेला का, सोबत सहायक होता की स्वतः मुख्य कोच होता, यावर आमच्यासारख्यांचं महिनाभराचं अन्नपाणी चालतं.

त्यात आणखी एक गंमत. एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमांमुळे मुलाने सही करेपर्यंत कोचला त्याच्याबद्दल जाहीरपणे बोलता येत नाही. म्हणजे ज्या एका माणसाला खरी माहिती आहे त्याच्या तोंडाला कुलूप, आणि ज्यांना काहीच माहीत नाही ते सगळे मोकळे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी ही म्हण ज्याने काढली त्याने रिक्रूटिंग नक्कीच पाहिलं असणार. मुलाने इन्स्टाग्रामवर आमच्या एका खेळाडूला फॉलो केलं. मुलाच्या आईने लाल कोट घातला होता. मुलाने आमची व्हिजिट पुढे ढकलली, पण रद्द केली नाही. ज्या वेबसाइटी मुलांना तारे देतात, पाच तारे, चार तारे, त्यांचे तज्ज्ञ तो कुठे जाईल याचं भाकीतही जाहीर करतात. एखाद्या तज्ज्ञाने मध्यरात्री भाकीत बदललं की सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनजवळ चेहरे पडलेले.

व्हिजिट म्हणजे मुलगा आईवडिलांसह कॉलेजच्या खर्चाने येतो, वसतिगृह बघतो, व्यायामशाळा बघतो, त्याच्या नावाचा गणवेश टांगलेला असतो तो घालून फोटो काढतो, आणि कोचच्या घरी किंवा गावातल्या चांगल्या हॉटेलात जेवतो. माझी बायको पहिल्यांदा हे ऐकून म्हणाली, “मुलगा पाहायला येतोय ना? मग पोहे टाकू का?” तिच्या या वाक्यावर आमच्या मित्रमंडळींत आजही हशा पिकतो. पण तिने पुढे जे विचारलं ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तिने विचारलं, “पण तू यात कोण? मुलीकडचा की मुलाकडचा?” खरं आहे. मी ना मुलीकडचा, ना मुलाकडचा, ना मध्यस्थ. मी रस्त्याच्या पलीकडच्या गच्चीतून बघणारा.

या गच्चीतल्या माणसांना गप्प बसवायची पाळी एकदा आमच्याच युनिव्हर्सिटीवर आली होती. 2009 चा वसंत. रालीतल्याच एका छोट्या ख्रिस्ती शाळेत जॉन वॉल नावाचा मुलगा खेळत होता. देशातला सर्वोत्तम पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हातात घेऊन संघाला खेळवणारा, आणि घर आमच्या अंगणात. इतकी वर्षं टेबलावर नसलेली टोपी या वेळी तरी असणार, अशी आशा वाटावी अशी परिस्थिती. स्टेटच्या एका पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने फेसबुकवर गट काढला. नावाचा मराठीत अर्थ असा की ‘जॉन वॉल, प्लीज स्टेटला ये’, पुढे भरपूर उद्गारचिन्हं. सातशेच्या वर लोक गटात आले. आणि त्या पोराच्या हातात युनिव्हर्सिटीचं पत्र पडलं: हे ताबडतोब थांबवा, नाहीतर पुढची कारवाई होईल. पत्र आलं होतं नियमपालन बघणाऱ्या विभागाकडून. एनसीएएच्या नियमांच्या नजरेने पाहिलं तर कॉलेजच्या हिताची इच्छा बाळगणारा कोणीही माणूस मुलाला गळ घालू लागला की तो कॉलेजचाच माणूस ठरू शकतो, आणि त्याचं केलेलं कॉलेजच्या माथी येऊ शकतं.

बातमी देशभर गेली. लोक हसले. विद्यार्थी बिचारा अठरा-एकोणीस वर्षांचा, ज्याला बोलावतोय तोही त्याच वयाचा. दोघं उद्या एकाच मेसमध्ये जेवले असते. त्याला पत्र, आणि ज्या श्रीमंत माजी विद्यार्थ्यांच्या शब्दावर कोच येतात-जातात त्यांना सामन्याला पहिल्या रांगेत जागा. तेव्हा मला नियम हास्यास्पद वाटला. आता अगदी तसं वाटत नाही, पण त्याविषयी पुढे. वॉल मे महिन्यात केंटकीला गेला, एक वर्ष खेळला, आणि 2010 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, पहिल्या क्रमांकावर उचलला गेला.

आमचे शेजारी सत्तरीपलीकडचे आहेत, टपाल खात्यातून निवृत्त. जन्म याच परगण्यातला. वॉलचं नाव निघालं की ते खांदे उडवतात. त्यांच्या लेखी खरी जखम 1980 ची. विल्मिंग्टनच्या एका शाळकरी मुलाला लहानपणापासून स्टेटचं वेड होतं, चॅपल हिलचा तर राग होता, कारण त्याचा देव होता स्टेटचा डेव्हिड थॉम्पसन. तो मुलगा चॅपल हिलला गेला. मायकेल जॉर्डन त्याचं नाव. शेजारी हे सांगतात तेव्हा आवाज चढत नाही, उलट खाली येतो, घरातली अब्रूची गोष्ट सांगावी तसा.

थॉम्पसनची गोष्ट सांगताना मात्र ते उभे राहतात. शेल्बी गावचा मुलगा, उडी अशी की बघणाऱ्याला आपण चुकीचं बघितलं असं वाटावं. त्याला आणताना नियम मोडले म्हणून स्टेटला 1973 ची राष्ट्रीय स्पर्धा खेळू दिली नाही. त्या हंगामात संघाने 27 सामने खेळले आणि 27 जिंकले. पुढच्या वर्षी मनाई उठली आणि थॉम्पसनच्या स्टेटने उपांत्य फेरीत यूसीएलएला दोनदा जादा वेळ खेळून हरवलं. सलग सात वर्षं जिंकत आलेला संघ होता तो. तेव्हा रिक्रूटिंगमधला भ्रष्टाचार आणि रिक्रूटिंगमधलं सुख, दोन्ही आमच्याकडे एकाच माणसाबरोबर आली. पावित्र्याच्या गप्पा आम्ही कोणाला सांगाव्यात?

जुन्या काळी हे सगळं साधं होतं, असंही कोणी समजू नये. 1965 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल शाळेच्या जिममध्ये लू अल्सिंडर नावाच्या सात फुटी मुलाने पत्रकारांना बोलावून आपण यूसीएलएला जाणार असं जाहीर केलं होतं. पुढे तो करीम अब्दुल-जब्बार झाला. टोप्या नव्हत्या, कॅमेरे होते.

‘नाही’ म्हणणाऱ्यांचं एक वेळ सोसतं. ‘हो’ म्हणून न आलेल्यांचं काय करायचं? इथे स्टेटचा हात कोणी धरणार नाही. 2019 मध्ये जेलेन लेक सही करून बसला आणि कॉलेजात पाऊल न टाकता व्यावसायिक खेळाकडे वळला. 2020 मध्ये डरमचा जॉश हॉल, अगदी तेच. डिसेंबर 2021 मध्ये हिकरी गावच्या रॉब डिलिंगहॅमने आम्हाला शब्द दिला. हातात चेंडू असला की बचाव करणाऱ्याची मान एकीकडे आणि पाय दुसरीकडे, असा मुलगा. आपल्याच राज्यातला, पाच ताऱ्यांचा. आम्ही पुढच्या-पुढच्या हंगामाचा संघ कागदावर मांडला. मार्च 2022 मध्ये त्याने शब्द मागे घेतला आणि नंतर केंटकीला गेला. पुन्हा केंटकी. त्या संध्याकाळी शेजारी आपल्या हिरवळीला पाणी घालत होते, आधीच पाऊस पडून गेलेल्या हिरवळीला. मी काही विचारलं नाही.

आणि जो आला त्याचंही ऐका. फेएटव्हिलचा डेनिस स्मिथ. जानेवारी 2017 मध्ये ड्यूकच्या मैदानावर त्याने 32 गुण केले. शेवटच्या सेकंदाला चेंडू हातात आला तो घेऊन एकटा धावत सुटला आणि शिटीबरोबर डंक मारला. 84-82. कॅमेरन इंडोअर या त्यांच्या मैदानावर आम्ही जिंकलो नव्हतो 1995 पासून. मी सोफ्यावर उभा राहून ओरडलो, लेक वरून धावत आली, तिला वाटलं कोणीतरी पडलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात साक्ष झाली की आदिदाससाठी काम करणाऱ्या एका माणसाने स्मिथच्या कुटुंबासाठी म्हणून 40,000 डॉलर पोचते केले होते. डिसेंबर 2021 मध्ये शिक्षा आली आणि स्मिथ खेळलेल्या त्या हंगामातले विजय अधिकृत नोंदीतून पुसले गेले. ते 84-82 आता कागदोपत्री आमचं नाही. डंक यूट्यूबवर आहे, कोणी काढायला सांगितलेला नाही.

पैशांचं मात्र माझं मत पक्कं आहे. जुलै 2021 पासून मुलांना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर उघडपणे पैसे मिळवता येतात. जुलै 2025 पासून तर कॉलेज स्वतःच देऊ शकतं, सगळ्या खेळांना मिळून, पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरच्या मर्यादेत. यावर गळे काढणारे माझ्या ओळखीत भरपूर आहेत. खेळ बाटला, निष्ठा संपली, वगैरे. हे म्हणणारी माणसं तीन वेळा नोकरी बदलून पगार वाढवून घेतलेली असतात. कोच कोट्यवधी घेत होते तेव्हा खेळ बाटत नव्हता, चॅनेलवाले घेत होते तेव्हा नाही, बुटांच्या कंपन्या घेत होत्या तेव्हा नाही. मुलाच्या आईच्या हातात पैसे पडले आणि लगेच बाटला. चाळीस हजारांसाठी माणसं कोर्टात उभी राहिली, आणि आज त्याच्या अनेक पट रक्कम करारावर सही करून बँकेत जाते. नियम बदलला, मुलगा तोच.

मला खुपतं ते दुसरंच. लेक अकरावीत गेली आणि तिच्या वर्गातली पोरं घरी येऊ लागली. त्यांच्यातला एक शाळेच्या संघात खेळतो, उंच आहे, पण कोणी तारे दिलेले नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात उभ्याने चार पराठे खातो आणि “थँक यू, आंटी” म्हणताना छताकडे बघतो. त्या वयाच्या मुलाला बघितल्यावर जाणवतं की ज्याच्याविषयी आम्ही ‘डावा हात कच्चा आहे’, ‘डोकं ठिकाणावर नाही’, ‘आई फार मध्ये पडते’ असं बोलत असतो तो हाच. आणि आम्ही निदान आपसात बोलतो. मुलाने दुसरी टोपी उचलली की त्याच्या फोनवर थेट शिव्या पाठवणारे बाप्ये असतात, कोणाचे तरी वडील, कोणाचे तरी आजोबा. ‘तुझा गुडघा मोडो’ असं सतरा वर्षांच्या मुलाला लिहिणारा माणूस सोमवारी ऑफिसात मीटिंग चालवतो. म्हणून म्हणतो, 2009 च्या त्या पत्रामागचा नियम आता मला तितका खुळा वाटत नाही. पत्र चुकीच्या पोराला गेलं, एवढंच.

लेकीचा स्वतःचा कॉलेजचा अर्ज-निबंध-मुलाखत असा सगळा रगाडा सुरू झाला तेव्हा तिने एकदा मला फोनमध्ये डोकं घातलेलं पाहिलं. कुठल्याशा ओहायोच्या मुलाची व्हिजिट चालू होती. ती म्हणाली, “बाबा, माझ्या अॅडमिशनची कुणा अनोळखी माणसाने एवढी चौकशी केली असती तर तू पोलिसांत गेला असतास.” मी म्हटलं, तुझ्या अॅडमिशनने एसीसी जिंकता येत नाही. ती हसली नाही.

मी त्यावर बराच विचार केला आणि आपल्यापुरती एक रेघ ओढली. बघायचं, वाचायचं, आपसात वाद घालायचा. मुलाला स्वतःहून एक अक्षर लिहायचं नाही, चांगलंही नाही. गोड लिहिणाऱ्या हजारांचंही ओझं होतंच. बाकी सोडणं जमेलसं दिसत नाही, आणि ते का जमत नाही ते सांगतो. हरलेल्या संघाच्या माणसाला चालू हंगामात काही उरलेलं नसतं. फेब्रुवारीतच कळतं की या वर्षी नाही. पण पुढच्या वर्षी येणारा मुलगा अजून एकही सामना हरलेला नसतो. त्याचा एकही नेम चुकलेला नसतो, कारण त्याने आमच्यासाठी अजून चेंडूच टाकलेला नाही. ड्यूकवाल्यांना रिक्रूटिंग म्हणजे वर्चस्वाची मोजणी. आम्हाला ती उधारी आहे, आणि उधारीवर माणूस बरेच दिवस काढतो.

म्हणूनच 2024 च्या मार्चने आमची पंचाईत केली.

त्या हंगामाच्या शेवटी स्टेट सलग चार सामने हरून एसीसी स्पर्धेला वॉशिंग्टनला गेलं, दहाव्या मानांकनावर. चषक हवा तर पाच दिवसांत पाच सामने जिंकायचे. कोचची नोकरी जाणार हे गृहीत धरून लोक नव्या कोचची नावं काढत होते. मंगळवारी लुइव्हिल, बुधवारी सिरॅक्यूज, गुरुवारी ड्यूक. ड्यूकला हरवल्यावरही कोणी फार आशा धरली नव्हती, तेवढ्यावरच वर्षाचं समाधान मानायची आम्हाला सवय. शुक्रवारी व्हर्जिनिया. पाच सेकंद उरलेत, आम्ही तीन गुणांनी मागे, त्यांचा खेळाडू फ्री थ्रोला. त्याचा चुकला. चेंडू मायकेल ओकॉनेलच्या हातात आला, तो धावला आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकला. चेंडू बोर्डावर आपटला, रिंगवर घुटमळला आणि आत पडला. जादा वेळात आम्ही जिंकलो. शनिवारी अंतिम सामना चॅपल हिलशी, 84-76. एसीसीचं विजेतेपद 1987 नंतर पहिल्यांदा.

आता त्या संघातली माणसं बघा. ओकॉनेल स्टॅनफर्डहून आलेला. केसी मोर्सेल त्याच व्हर्जिनियाहून. मोहम्मद डियारा मिझुरीहून. जेडन टेलर बटलरहून. डी. जे. बर्न्स, सव्वाशे किलोंच्या घरातला, बास्केटकडे पाठ करून समोरच्याला ढकलत-ढकलत नेणारा आणि मग मुंगीला धक्का लागू नये इतक्या हळुवार हाताने चेंडू सोडणारा, टेनेसी करून, विनथ्रॉप करून आमच्याकडे पोचलेला. हे सगळे ट्रान्सफर पोर्टलमधून आलेले, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून निघालेले. चार वर्षं ज्यांच्या मागे आम्ही डोळ्यांत तेल घालून होतो त्या मुलांपैकी मैदानावर जवळजवळ कोणीही नव्हतं.

आणि अंतिम सामन्यात 29 गुण कोणी केले? डी. जे. हॉर्नने. हॉर्न रालीचा. इथेच वाढलेला. शाळा संपल्यावर इलिनॉय स्टेटला गेला, दोन वर्षांनी अॅरिझोना स्टेटला, आणि शेवटच्या वर्षासाठी घरी परतला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं. जॉन वॉलसाठी सातशे माणसं फेसबुकवर आर्जवं करत होती, हॉर्नसाठी एक गट निघाल्याचं माझ्या कानावर नाही. तो शाळेत असताना मी याच भागात राहत होतो, रोज रिक्रूटिंगच्या बातम्या वाचत होतो, आणि तरी त्याचं नाव मला तो परत येईपर्यंत माहीत नव्हतं.

पुढे राष्ट्रीय स्पर्धा. पहिल्या फेरीत पिट्सबर्गला केंटकीची गाठ ओकलंड नावाच्या मिशिगनमधल्या लहान कॉलेजशी पडली. केंटकीत डिलिंगहॅम होता. ओकलंड जिंकलं, 80-76. केंटकी जिंकली असती तर त्यांचा पुढचा सामना आमच्याशी होता. शेजारी त्या रात्री फाटकाशी आले, मला वाटलं टाळी मागतील. ते म्हणाले, “पोरगं रडत नसेल ना?” आणि खरोखर माझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले. मी म्हटलं, त्याचं ठीक होईल. झालंही. जूनमध्ये ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर गेला. ओकलंडला आम्ही जादा वेळात हरवलं, मग मार्क्वेट, मग पुन्हा एकदा ड्यूक, 76-64, आणि थेट अंतिम चार. तिथे पर्ड्यूने थांबवलं. हिल्सबरो स्ट्रीटवरचा आमच्या युनिव्हर्सिटीच्या घंटाघराचा मनोरा त्या काळात इतक्यांदा लाल उजळला की बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबायचा.

त्यानंतर बरेचसे गेले. हॉर्नचं आणि बर्न्सचं शेवटचंच वर्ष होतं. पुढच्या हंगामात 12 विजय, 19 पराभव. अठरा संघांतल्या पंधरांना एसीसी स्पर्धेत जागा होती, त्यातही आम्ही बसलो नाही, गतविजेते असून. मार्च 2025 मध्ये कोचला नारळ दिला.

मध्यंतरी कचऱ्याचा डबा रस्त्याला लावायला बाहेर पडलो तर शेजारी वाटच बघत होते. त्यांच्या मेहुणीच्या नातवाच्या शाळेत एक मुलगा आहे, नववीतला. अजून एकही तारा नाही, कोणी पाहायला आलेलं नाही, पण हात असे की चेंडू तळव्यात लिंबासारखा दिसतो. मी त्यांना सांगितलं की आता हे सगळं पोर्टलवर चालतं, नववीतल्या पोराच्या मागे लागण्यात अर्थ नाही, तो येईपर्यंत चार कोच बदलतील आणि आलाच तर वर्षात निघून जाईल. ते मान डोलवत ऐकत होते. माझं सगळं बोलून झाल्यावर मी विचारलं, उंची किती म्हणालात त्याची?